दुपारची हजेरी

शास्त्रपाठ : मत्तय २०:१-१६, २ राजे ४:१८-३७, अनुवाद २४:१४-१५



उन्हाळा आला की आपल्या मंडळ्यांतून दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, मुलांची सुटीतील बायबल शाळा. आणि दुसरी, उपासनामंदिराची डागडुजी. पावसाच्या आत छपराची गळती निघाली पाहिजे, आवाराची पडकी भिंत उभी राहिली पाहिजे, म्हणून कारभारी मंडळ बहुधा मे महिनाच धरते. आमच्या मंडळीनेही २०२३ साली हेच केले. आम्ही वडोदऱ्याचे. इकडे वैशाखात दुपारी बारानंतर गल्ल्या ओस पडतात, आणि ज्याला घरात बसणे परवडते तो घरात बसतो.

आवाराची भिंत आणि संडेस्कूलच्या खोलीवरचे पत्रे, एवढेच काम होते. तिघांकडून भाव मागवले आणि ज्याचा भाव सर्वांत कमी, त्याला काम उक्ते दिले. खजिनदारांनी सभेत तो आकडा वाचून दाखवला तेव्हा, "प्रभूने पुरवठा केला," असे आम्हीच मोठ्याने म्हटले होते. कामावर दोन गवंडी आणि चार बिगारी होते. बिगारींपैकी तीन बायका, दाहोदकडून मजुरीसाठी शहरात आलेल्या.

एके दिवशी दुपारी दीडच्या सुमारास त्यांतली एक बाई चालता चालता थांबली, डोक्यावरचे घमेले तिने कसेबसे खाली टाकले आणि तेथेच कोसळली. निरोप मिळताच आम्ही धावलो. तिचे अंग चटका बसेल असे तापले होते आणि बोलणे असंबद्ध होते. तिला सावलीत आणले, अंगावर पाणी ओतले, ओल्या पंचाने वारा घातला. अर्ध्या तासाने ती भानावर आली. "बेन, आता कसं वाटतं?" असे आम्ही विचारले. तिने आमच्याकडे पाहिले नाही. मुकादमाकडे पाहून तिने विचारले, "मारी हाजरी?" माझी हजेरी?

मुकादमाने अर्धी हजेरी लावली. दुपारपर्यंत काम केले, म्हणून अर्धी. आम्ही ते ऐकले आणि गप्प राहिलो. हा ठेकेदार आणि मजूर यांच्यातला प्रश्न आहे, मंडळीने त्यात कशाला पडावे, असे मनाशी म्हटले. खरे तर तिला त्याच वेळी दवाखान्यात न्यायला हवे होते. ती नको म्हणाली, आणि आम्हीही आग्रह केला नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांला कबूल करायची आहे. तिला ज्या भिंतीजवळ ऊन लागले, तेथून पन्नास पावलांवर आपले उपासनामंदिर होते. आत सावली होती, पंखे होते, गार पाण्याचे यंत्र होते. पण रविवारखेरीज दार बंद असते, आणि त्या दाराची किल्ली आमच्या खिशात होती.

आज या प्रसंगाच्या आधारे आपण देवाच्या शब्दापुढे बसू या.

शुनेमच्या शेतातली दुपार

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात शुनेम गावच्या एका संपन्न स्त्रीची कथा आहे. संडेस्कूलमध्ये आपण ती मुलांना नेहमी सांगतो. अलीशा संदेष्ट्यासाठी तिने माडीवर खोली बांधली, देवाने तिला पुत्र दिला, पुत्र मरण पावला आणि संदेष्ट्याने प्रार्थना केल्यावर तो जिवंत झाला. परंतु तो मुलगा कसा मेला, इकडे आपले लक्ष जात नाही. कापणीचे दिवस होते. मुलगा बापाकडे शेतात गेला होता. तेथे तो डोके दुखते म्हणून ओरडू लागला. चाकराने त्याला उचलून आईकडे नेले. दुपारपर्यंत तो तिच्या मांडीवर होता, आणि मग मेला. शास्त्राने दुखण्याचे नाव दिलेले नाही. पण कापणीचा हंगाम, उघडे शेत आणि डोक्यातील कळ ही सारी लक्षणे पाहून अनेक भाष्यकारांनी तो उष्माघातच असावा असे म्हटले आहे.

आता दोन गोष्टी पाहा. पहिली ही, की हा मुलगा श्रीमंताचा होता. त्याला उचलून नेणारा चाकर होता, टेकायला आईची मांडी होती, संदेष्ट्याकडे दौडत जायला घरचे गाढव होते. एवढे सारे असूनही उन्हाने त्याला गाठले. ऊन सर्वांवर सारखेच पडते. त्यापासून पळून जाण्याची ऐपत मात्र सर्वांची सारखी नसते. दुसरी गोष्ट ही, की मुलाला आईकडे पाठवून बाप कापणीवरच राहिलेला दिसतो. त्याला दुष्ट म्हणता येणार नाही. हंगाम निघून जाईल ही त्याची चिंता होती. आपल्या कारभारी मंडळाचीही चिंता तीच होती : पाऊस येईल.

दुपार शरीराशी काय करते

देवाने मनुष्यदेह मोठ्या कौशल्याने घडवला आहे. आतील उष्णता सुमारे ३७ अंश सेल्सिअस राहावी अशी त्याची रचना आहे. बाहेर तापले की रक्त कातडीकडे धावते, घाम सुटतो, आणि तो वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. पण जो माणूस ओझे वाहतो त्याला दोन बाजूंनी ताप होतो. एक ताप आकाशातून येतो. दुसरा त्याच्याच स्नायूंतून, कारण कष्टाने शरीर आतूनही तापते. भर उन्हात जड काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला सुमारे एक लीटर घाम जाऊ शकतो. तेवढे पाणी आणि मीठ परत मिळाले नाही तर रक्त आटते, हृदयावर ताण येतो, मूत्रपिंडे थकतात. आतील उष्णता ४० अंशांच्या पलीकडे गेली की मेंदू गोंधळतो, बोलणे बिघडते, शुद्ध हरपते. याला उष्माघात म्हणतात. अशा वेळी घटकाभराचा उशीरही जीव घेऊ शकतो.

आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अहमदाबाद आहे. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात शहरात ४,४६२ मृत्यू नोंदले गेले. नेहमीच्या मानाने हा आकडा १,३४४ ने जास्त होता. लक्षात घ्या, या साऱ्यांच्या दाखल्यांवर "ऊन" असे लिहिलेले नव्हते. कोणाचे हृदय बंद पडले, कोणाची मूत्रपिंडे गेली, कोणी म्हातारे पत्र्याखाली झोपेतच गेले. पुढे अभ्यासकांनी महिन्याचा हिशेब मांडला तेव्हाच उन्हाचा हात दिसला. २०१५ साली आंध्र आणि तेलंगणात, म्हणजे हैदराबादच्या आपल्या बांधवांच्या परिसरात, उष्णतेच्या लाटेने शेकडो माणसे नेली. देशभरात त्या उन्हाळ्यात दोन हजारांहून अधिक मृत्यू झाले.

आणि हे ऊन वाढत आहे. १९०१ ते २०१८ या काळात आपल्या देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. २०२४ हे साल सबंध पृथ्वीच्या नोंदींतले सर्वांत उष्ण ठरले. पाऊण अंश म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण अंगात ताप मोजताना पाऊण अंशाची किंमत आपल्याला पुरती कळते.

सावली फुकट नसते

येथवर आपण आरोग्याविषयी बोललो. आता पैशाविषयी बोलू या. प्रवचनात पैशाची भाषा काहींना रुचत नाही; परंतु आपल्या प्रभूने नाणी, मजुरी, कर्ज आणि कारभारी यांचे दाखले वारंवार दिले, हे विसरू नये.

दर उन्हाळ्यात सरकार सूचना काढते की दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका, पाणी पीत राहा, सावलीत बसा. सूचना योग्य आहे आणि ती सर्वांना फुकट मिळते. पण ती पाळणे फुकट नाही. ज्याला महिन्याचा पगार आहे, त्याला दुपारी सावलीत बसल्याने काही गमवावे लागत नाही. जो रोजंदारीवर आहे, त्याची तीन तासांची सावली म्हणजे अर्धी हजेरी. जो नगावर काम करतो, उदाहरणार्थ वीटभट्टीवर हजार विटांमागे ज्याला पैसे मिळतात, त्याची सावली म्हणजे तितक्या विटा कमी. आणि ज्याने मुकादमाकडून आधीच उचल घेतली आहे, त्याच्या प्रत्येक बुडालेल्या दिवसाने कर्ज लांबते. म्हणून तो बसत नाही. त्याला ऊन बाधते हे त्याला कळत नाही असे नाही. त्याला पुरते कळते. पण संध्याकाळची चूल त्याला आणखी जवळून दिसते.

तो पडला म्हणजे खर्चाची रांग लागते. त्या दिवसाची मजुरी गेली, पुढचे दोन-तीन दिवस गेले, रिक्षा, सलाईन, औषध, आणि घरचे एक माणूस शुश्रूषेला बसले म्हणून त्याचीही मजुरी गेली. आपल्या देशात २०१३-१४ मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ६४.२ टक्के पैसा लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही सुधारणा मोठी आहे, तिच्याबद्दल देवाचे आभार मानू या. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये खिशातूनच जातात. आणि बुडालेली मजुरी तर त्या हिशेबात धरलेलीच नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली एक अहवाल काढला. उष्णतेमुळे १९९५ मध्ये भारतातले कामाचे ४.३ टक्के तास वाया जात होते. २०३० मध्ये ते ५.८ टक्के होतील असा त्यात अंदाज आहे. हे नुकसान ३ कोटी ४० लाख माणसांच्या पूर्णवेळ कामाइतके भरते. सर्वांत जास्त झळ शेतीला आणि बांधकामाला. आकडा देशाचा आहे, पण तो भरला जातो घमेल्याखालच्या एकेका डोक्याकडून.

आता आमचे ते तीन भाव आठवा. सर्वांत कमी भाव कमी कसा झाला? विटा त्याच, सिमेंट तेच. कमी होते ते एवढेच, की त्या भावात सावलीचा मांडव नव्हता, गार पाण्याचा माठ नव्हता आणि दुपारची विश्रांती नव्हती. दुपार त्याने आम्हांला फुकट दिली होती. पण ती त्याची नव्हतीच. ती त्या बाईच्या अंगातून काढलेली होती. आमच्या वहीत जी बचत दिसली, ती तिच्या घरात तूट होऊन पडली. बंधुभगिनींनो, अर्थशास्त्र म्हणजे शेवटी हाच प्रश्न : खर्च झालाच आहे, तर तो कोणाच्या वहीत पडला?

आम्ही मागाहून एक साधा हिशेब केला. सकाळी सहाला काम सुरू करून दुपारी बारा ते चार थांबले असते, तर दिवसाचे आठ तास साडेसहावर आले असते. पंधरा दिवसांचे काम साडेअठरा दिवसांवर गेले असते. सहा माणसांच्या एकवीस हजेऱ्या जास्त लागल्या असत्या. त्याच वर्षी मंडळीने नवीन ध्वनिक्षेपक घेतला, त्याला याहून जास्त पैसे पडले. म्हणजे पैसा नव्हता असे नाही. सावली आमच्या यादीत नव्हती, इतकेच.

द्राक्षमळ्याचा धनी

आता मत्तयाच्या विसाव्या अध्यायाकडे वळू. घरधनी पहाटेस बाहेर पडतो, दिवसाचा एक दीनार ठरवून मजूर लावतो. मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि शेवटी अकराव्या ताशीही तो बाजारात जातो आणि रिकाम्या उभ्या असलेल्यांना मळ्यात पाठवतो. संध्याकाळी सर्वांना एकेक दीनार मिळतो. तेव्हा पहाटेचे मजूर कुरकुर करतात की आम्ही दिवसभर कष्ट केले, आम्ही उन्हाचा ताप सोसला, आणि हे तासाभराचे मजूर आमच्या बरोबरीचे झाले.

या दाखल्याचा मुख्य अर्थ देवाची कृपा हा आहे, आणि तो बदलण्याचा अधिकार कोणालाही नाही. तारण आपल्या तासांच्या मापाने मिळत नाही. पण प्रभूने कृपेचे हे चित्र मजुरांच्या नाक्यावर काढले, हे उगीच नाही. त्याला तो नाका ठाऊक होता. कोणी कामावर न घेतल्यामुळे दिवस उतरेपर्यंत उभे राहणारी माणसे त्याने पाहिली होती.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या.

पहिली गोष्ट, ऊन सोसल्याचे खोटे आहे असे धनी म्हणत नाही. तो त्यांच्याशी ठरलेल्या मजुरीविषयी बोलतो, त्यांच्या तापाची टर उडवत नाही. मजुराचा ताप देवाच्या शब्दात लिहून ठेवलेला आहे. आपल्या हिशेबवहीत तो कोठेही नाही.

दुसरी गोष्ट, दीनार हा दिवसाच्या भाकरीचा पैसा होता. तास कमी भरले म्हणून घरातली तोंडे कमी होत नाहीत. अर्ध्या दीनारावर कुटुंब अर्धे जेवत नाही, त्यातले कोणीतरी उपाशी राहते. म्हणून धनी मजुरी देताना मजुराच्या घराकडे पाहतो. मोशेच्या नियमशास्त्रातही हेच आहे. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याच्या आत द्यावी, कारण त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते, असे अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. त्या बाईने भानावर येताच काय विचारले ते आठवा. तिचे मन कशाकडे लागले होते, हे मोशेने तीन हजार वर्षांहून आधी लिहून ठेवले होते, आणि आम्ही तेथे उभे राहूनही आम्हांला कळले नाही.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत जड गेली. धन्याने एका तासाच्या कामाला पूर्ण दिवसाची मजुरी दिली. आमच्या आवारात अर्ध्या दिवसाच्या कामाला, तेही देह कोसळेपर्यंत केलेल्या कामाला, अर्धी मिळाली. हा दाखला आम्ही त्या मंदिरात निदान चार वेळा सांगितला असेल. भिंतीच्या आत तो दाखला, आणि भिंतीवर अर्धी हजेरी! मुकादमाला दोष देणे सोपे आहे. पण मळा कोणाचा होता? भिंत कोणाची होती?

कोणी म्हणेल, धन्याने दिले ते स्वखुशीने. प्रत्येकाने असे द्यावे असा नियम कोठे आहे? खरे आहे, नियम नाही. पण ज्यांना अकराव्या ताशीही पूर्ण दीनार मिळाला आहे, त्यांनी दुसऱ्याचे तास मोजत बसावे काय? आपण सगळे कृपेवर जगणारे लोक आहोत. कृपा घेताना पूर्ण आणि देताना तासाच्या हिशेबाने, हे आपल्या साक्षीला शोभत नाही.

मग आपण काय करावे?

निराश होण्याचे कारण नाही. जेथे माणसांनी मनावर घेतले, तेथे मृत्यू कमी झालेले आहेत. अहमदाबाद महानगरपालिकेने त्या २०१० च्या तडाख्यानंतर, २०१३ साली, उष्णतेसाठी कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातला तो पहिला मानला जातो. त्यात फार खर्चाचे काही नाही. उन्हाचा इशारा आगाऊ द्यायचा, डॉक्टरांना आणि परिचारिकांना उष्माघात ओळखायला शिकवायचे, पाण्याची सोय वाढवायची, लोकांना सांगत राहायचे. पुढे झालेल्या अभ्यासात असा अंदाज निघाला की त्यानंतर दरवर्षी सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले. त्याच शहरात १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सेवा या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने २०२३ मध्ये आपल्या सभासदांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला. ठरलेल्या मर्यादेपेक्षा तापमान काही दिवस टिकले की दवाखान्याची कागदपत्रे न मागता रक्कम दिली जाते, म्हणजे बाईला दुपारी थांबणे परवडावे. २०२४ च्या कडक उन्हाळ्यात अशी रक्कम दिलीही गेली. रक्कम लहान आहे. पण तिच्यामागची समज मोठी आहे : नुसता उपदेश पुरत नाही, थांबण्याची किंमत कोणीतरी उचलावी लागते. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये उष्णता परतवणाऱ्या छपरांचे धोरण आणले. छपराला पांढरा लेप दिला की ऊन परत फिरते आणि खोली काही अंशांनी थंड राहते.

आता आपल्या मंडळ्यांकडे येऊ.

१. मंडळीचे, शाळेचे वा घरचे कोणतेही बांधकाम देताना दुपारची विश्रांती, सावली, पिण्याचे पाणी आणि विश्रांतीच्या वेळेची मजुरी भावातच लिहून घ्यावी. कोणी आजारी पडले तर त्या दिवसाची पूर्ण हजेरी, हेही लिहावे. भाव वाढेल. तो वाढावाच. होता होईल तो जड काम थंडीच्या दिवसांत घ्यावे.

२. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने दुपारी मंदिराचे दार उघडे ठेवावे. हातगाडीवाला, रद्दीवाला, टपालवाला, कोणीही आत येऊन घटकाभर बसावा आणि पाणी प्यावा. त्याला पत्रिका वाटण्याची घाई करू नये. बवाजाने रूथला आपल्या गड्यांनी भरलेल्या पाण्यातून पी असे सांगितले, तेव्हा आधी तिची परीक्षा घेतली नव्हती.

३. महिला मंडळाने आणि तरुण संघाने आपल्या वस्तीतल्या एकट्या वृद्धांची व पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांची यादी करावी. लाटेच्या दिवसांत रोज एकदा त्यांच्या दारात जावे. ज्याचे अंग तापले आहे आणि बोलणे गोंधळले आहे, त्याला पाणी ओतून थंड करावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे. तो नको म्हणाला तरी न्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

४. आपल्या स्वतःच्या गारव्याकडेही पाहावे. आपले वातानुकूलन यंत्र खोलीतला ताप गल्लीत टाकते, आणि त्याला लागणाऱ्या विजेचा मोठा भाग अजूनही कोळशाच्या धुरातून येतो. ते वापरू नये असे आम्ही म्हणत नाही. घरात आजारी आहेत, म्हातारे आहेत. पण ज्यांनी हा ताप वाढवला त्यांत आपण थोडेतरी आहोत, आणि जी बाई तो सोसते तिच्या घरी बहुधा एक दिवाच आहे, एवढे ध्यानात असावे. मंदिराच्या आवारात यंदा एक कडुनिंब लावला तर त्याची सावली आपल्या नातवंडांच्या काळातल्या मजुरांना मिळेल.

संडेस्कूलच्या शिक्षकांस विनंती, की शुनेमची कथा यंदा मुलांना थोडी सावकाश सांगावी. मुलांना विचारावे : तुमच्या शाळेच्या वाटेवर दुपारी उन्हात कोण कोण काम करते? त्यांना पाणी कोठे मिळते? थांबले तर त्यांचे काय जाते? उत्तरे मुलांनी पाहून आणावी. पुढच्या रविवारी द्राक्षमळ्याचा दाखला घ्यावा. पाठांतरासाठी अनुवाद २४:१५ द्यावे.

शेवटी त्या बाईविषयी. ती दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही अर्ध्या हजेरीचे पैसे घेऊन मुकादमाला विचारले, तेव्हा ती टोळी सोडून गेल्याचे कळले. कोठे, ते कोणाला सांगता आले नाही. सोबतच्या बायका म्हणाल्या, गावी गेली असेल, नाहीतर सुरतेला. ते पैसे परत आले. पुढच्या वार्षिक सभेत खजिनदारांनी हिशेब वाचला तेव्हा देण्याच्या बाजूला एक ओळ त्यांनी आमच्या सांगण्यावरून घातली होती : एका मजूर बाईची अर्धी हजेरी, देणे बाकी. सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. मग एका वृद्ध भगिनीने उभे राहून विचारले, "तिला देता येत नाही, तर तिच्यासारखीला का देऊ नये?" त्या प्रश्नातून आमच्या मंडळीत वरील पहिले दोन नियम झाले. २०२४ च्या उन्हाळ्यापासून दुपारी दार उघडे असते. किल्ली आता खिळ्याला टांगलेली असते, म्हणजे कोणालाही घेता यावी.

तरी ती ओळ आम्ही खोडलेली नाही. ते देणे फिटले असे आम्हांला म्हणवत नाही.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू दिवस केलास आणि रात्रही केलीस, ऊन तुझे आहे आणि सावलीही तुझीच. आमच्या भिंती ज्यांच्या घामाने उभ्या राहिल्या, त्यांची नावे आम्हांला ठाऊक नाहीत, पण तुला ठाऊक आहेत. आमच्या वहीत जे आम्ही लिहिले नाही, ते तुझ्या वहीत आहे. आम्हांला क्षमा कर, आणि तेवढ्यावर न थांबता आमचे हात मोकळे कर. आज भर दुपारी जे ओझे वाहत आहेत, त्यांना सावली मिळो, पाणी मिळो, आणि सूर्य मावळण्यापूर्वी पूर्ण दिवसाची मजुरी मिळो. ती देणाऱ्यांत आम्हांलाही घे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.